धानाच्या बांधीतला मिथेन प्रकाशाने मोजता येतो का?

बांधीवरचा मास्तर (तालुका लाखनी, जिल्हा भंडारा)

नमस्कार मंडळी. मी खेड्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरची साडेतीन एकर धानाची शेतीही पाहतो. गेल्या महिन्यात एका संस्थेचे प्रतिनिधी गावात आले होते. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सतत पाणी साचवून न ठेवता ती मधूनमधून सुकू दिली, तर चिखलातून मिथेन कमी निघतो आणि त्या बचतीचे पैसे कार्बन क्रेडिटच्या रूपाने शेतकऱ्याला मिळतात, असे त्यांनी ग्रामपंचायतीसमोर बसून समजावले. तेव्हा आमच्याकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने सरळच विचारले, “तो वायू दिसत नाई, त्याचा वास येत नाई, मंग तुमी मोजता कसा?” उत्तर मिळाले की उपग्रहातून, प्रकाशाच्या साहाय्याने, प्रत्येकाच्या बांधीचे मोजमाप होते. लोकांनी माना डोलावल्या. माझे मात्र समाधान झाले नाही, कारण दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गातही तोच प्रश्न आला आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

मी स्वतः एक प्रयत्न करून पाहिला. बाजारात एमक्यू-४ नावाचा मिथेनचा स्वस्त सेन्सर मिळतो, तो एका छोट्या सर्किटला जोडून बांधीच्या धुऱ्यावर ठेवला. सकाळी दव असताना त्याने तीनशेच्या आसपास आकडा दाखवला, दुपारी कडक उन्हात तोच आकडा नव्वदपर्यंत उतरला, आणि शाळेच्या स्वयंपाकखोलीजवळ नेला तेव्हा बांधीपेक्षाही जास्त वाचन आले. पालथ्या घातलेल्या टोपल्याखाली तो ठेवून मी चिखलात उभा राहिलो, तर आकडा एकदम उसळला आणि नंतर पुन्हा खाली आला. यातले मिथेन किती आणि इतर काय, हे मला सांगता येत नाही.

प्रकाशाने वायू ओळखण्याचे तत्त्व पुस्तकात वाचलेले आहे. माझा प्रश्न त्याच्या प्रत्यक्ष मोजमापाबद्दल आहे. हवेत दहा लाख भागांमध्ये दोन भाग असलेला वायू प्रकाशाला जाणवतो तरी कसा? श्रावणात आमच्याकडे हवा पाण्याने जड झालेली असते, त्या बाष्पाचे काय करतात? आणि गावपातळीवर, शाळेच्या ऐपतीत, यातले काय करून पाहण्यासारखे आहे? एक मीटर उंचीची, चाळीस सेंटिमीटर बाजूची ॲक्रिलिकची पेटी मी गावातल्या सुताराकडून करून घेतलेली आहे, ती उपयोगी पडेल का?

जुना उपकरणवाला (नागपूर)

गुरुजी, प्रश्न नेमका आहे आणि तुमच्या सेन्सरपासूनच सुरुवात करणे सोयीचे होईल. एमक्यू-४ प्रकाशाने काहीच मोजत नाही. त्याच्या आत टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. त्याच्या पृष्ठभागावर ज्वलनशील वायू पोहोचला की थराचा विद्युतरोध बदलतो. हा थर मिथेन, स्वयंपाकाचा गॅस, चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हवेतला ओलावा या सर्वांना कमीअधिक दाद देतो. त्याच्या माहितीपत्रकातच त्याची कक्षा दोनशे-तीनशे पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतला एक भाग) पुढे दाखवलेली असते. त्यामुळे दवाच्या वेळचा तीनशे आणि दुपारचा नव्वद हे दोन्ही आकडे बहुतांशी आर्द्रतेचे आणि तापमानाचे आहेत. गळणारा सिलिंडर ओळखायला तो उत्तम आहे. बांधीसाठी तो नाही.

आता दहा लाखांत दोन म्हणजे किती, ते धानातच पाहू. बारीक वाणाच्या हजार दाण्यांचे वजन पंधरा-सोळा ग्रॅम भरते, म्हणजे दहा लाख दाणे पंधरा-सोळा किलो झाले. एवढ्या धानात दोन दाणे वेगळ्या जातीचे आहेत आणि ते पोते न उघडता, फक्त पोत्यातून प्रकाश आरपार पाठवून मोजायचे आहेत. हे शक्य होते याचे कारण प्रत्येक वायूचे रेणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. मिथेनमधील कार्बन आणि हायड्रोजन यांचे बंध ताणले जातात तेव्हा ते ३.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश जोरात शोषतात, आणि त्याच कंपनाच्या दुप्पट वारंवारतेपाशी, १.६५ मायक्रोमीटरजवळ, बरेच क्षीण शोषण होते. हवेचा नव्व्याण्णव टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या पट्ट्यांत जवळजवळ पारदर्शक आहेत. तसे नसते, तर हा खेळ सुरूच झाला नसता. निरनिराळे वायू उष्णतेचे प्रारण किती शोषतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. आपण आज करतो ते त्याचेच पुढचे रूप आहे.

शोषण किती होईल हे तीन गोष्टींवर ठरते: त्या तरंगलांबीला रेणू किती जोराने शोषतो, रेणूंची संख्या किती, आणि प्रकाश त्या हवेतून किती अंतर चालतो. हाच बिअर-लॅम्बर्ट नियम. पहिली गोष्ट निसर्गाने ठरवलेली आहे, दुसरी मोजायची आहे, म्हणजे आपल्या हातात फक्त तिसरी उरते. १६५३.७ नॅनोमीटरला मिथेनची एक प्रसिद्ध शोषणरेषा आहे. साध्या हवेतून, म्हणजे दोन पीपीएम मिथेनमधून, प्रकाश एक मीटर नेला तर त्या रेषेच्या मध्यावर एक लाख भागांतले जेमतेम आठ भाग कमी होतात. दिव्याची तेजस्विता त्याहून जास्त लुकलुकते, आणि भिंगावर बसलेला धुळीचा एक कण त्याहून जास्त प्रकाश अडवतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की एका मीटरात तो प्रकाशाला नीट जाणवत नाही. त्यासाठी दोन युक्त्या कराव्या लागतात.

पहिली युक्ती म्हणजे वाट लांबवण्याची. दोन अंतर्वक्र आरशांच्या मध्ये किरण तिरपा सोडला की तो आरशांवर ठिपक्यांचे कडे उमटवत पन्नास-पन्नास वेळा परावर्तित होतो आणि मग एका छिद्रातून बाहेर पडतो. तीस सेंटिमीटरच्या नळीत पंधरा मीटरची वाट तयार होते, आणि तेच एक लाखातले आठ भाग आता एक हजारातला एक भाग होतात. अशा नळ्या मी स्वतः जुळवल्या आहेत. लाल रंगाचा दिसणारा लेसर आधी सोडून ठिपक्यांचे कडे डोळ्यांनी मोजायचे, ते नीट बसले की त्याच वाटेने न दिसणारा अवरक्त लेसर पाठवायचा. आरशाचा स्क्रू केसभर फिरला तरी कडे अंड्यासारखे लांबट होते आणि शेवटचा ठिपका छिद्र चुकवतो. त्या दिवशी चहा गार होणारच.

दुसरी युक्ती म्हणजे तरंगलांबी हलवण्याची. डायोड लेसरमधून जाणारा विद्युतप्रवाह बदलला की त्याची तरंगलांबी किंचित सरकते. त्यामुळे लेसरला शोषणरेषेच्या अलीकडून पलीकडे सेकंदाला शेकडो वेळा फिरवता येते. रेषेवर प्रकाश खाली जातो, रेषेबाहेर वर येतो. आरशावरची धूळ मात्र दोन्हीकडे सारखीच अडवते. मग जे सारखे आहे ते वजा होते आणि उरते ते मिथेनचे. १६५३ नॅनोमीटरचे लेसर आणि त्यांचा प्रकाश टिपणारे शोधक (डिटेक्टर) प्रकाशतंतूंच्या दूरसंचारातून आलेले आहेत. ते टिकाऊ आहेत आणि साध्या तापमानाला चालतात, म्हणून ३.३ मायक्रोमीटरला शोषण कितीतरी जोरकस असूनही पुष्कळ उपकरणे १.६५ मायक्रोमीटरलाच काम करतात. याची गैरसोय एवढीच की लेसरचे तापमान एका अंशाने बदलले तर तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते, आणि साध्या हवेच्या दाबाला मिथेनची रेषा त्याच्या निम्म्याइतकीही रुंद नसते. म्हणजे एका अंशाची चूक झाली तर आपण रेषा सोडून शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत बसतो. लेसरखाली थंड करणारी इलेक्ट्रॉनिक चकती असते, पण आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडखाली जे तापमान होते, त्यात ती चकती हात टेकते. हे कोणत्याही माहितीपत्रकात ठळक अक्षरात लिहिलेले नसते.

याहून नाजूक पद्धत आहे ती पोकळीतल्या प्रकाशाचा क्षय मोजण्याची. देवळातली घंटा वाजवून सोडली तर नाद बराच वेळ घुमतो. तिच्या कडेला बोट टेकवले तर लवकर विरतो. इथे घंटेच्या जागी दोन अत्यंत चकचकीत आरसे असतात. आरसे ९९.९९९ टक्के परावर्तन करत असतील आणि त्यांच्यात पंचवीस सेंटिमीटर अंतर असेल, तर आत सोडलेला प्रकाश सुमारे ८३ मायक्रोसेकंदांत विरतो, आणि तेवढ्या वेळात त्याने पंचवीस किलोमीटर चाल केलेली असते. आत मिथेन असेल तर तो आणखी लवकर विरतो. मोजायचा असतो फक्त वेळ, त्यामुळे लेसर कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. ओ’कीफ आणि डीकन यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आज हवामानाच्या केंद्रांवर मिथेनची एक-दोन पीपीबीची (अब्ज भागांतल्या एक-दोन भागांची) चढउतार याच घराण्यातील उपकरणे पाहतात. ती उपकरणे शाळेच्या ऐपतीतली नाहीत, हे उघडच आहे.

बाष्पाविषयी. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना हवेत पाण्याची वाफ सुमारे ३४,००० पीपीएम असते, म्हणजे मिथेनच्या सतरा हजार पट. यातून दोन वेगळे त्रास होतात आणि लोक ते एकत्र करून टाकतात. एक म्हणजे पाण्याच्या स्वतःच्या शोषणरेषा मिथेनच्या रेषेवर चढणे, यासाठीच १६५३.७ सारखी, जिथे पाणी फारसे बोलत नाही अशी, जागा निवडतात. दुसरा त्रास निव्वळ जागेचा आहे. हवेत ३.४ टक्के वाफ शिरली की बाकी सर्व वायू तेवढे पातळ होतात, आणि २.०० पीपीएमचे १.९३ दिसू लागते, जरी मिथेनचा एकही रेणू कुठे गेलेला नसला. म्हणून चांगली उपकरणे पाणीही सोबतच मोजतात आणि उत्तर कोरड्या हवेच्या हिशेबात देतात. तुमच्या बंद पेटीत दर मिनिटाला आर्द्रता वाढत जाणार, त्यामुळे हा हिशेब तुम्हाला सोडता येणार नाही.

खाणीतला दिवा (वणी, जिल्हा यवतमाळ)

वरच्या उत्तरात मी एकच भर घालतो, कारण मिथेन म्हटले की आमच्याकडे वेगळेच चित्र उभे राहते. कोळशाच्या खाणीत आम्ही मिथेन टक्क्यांत मोजतो. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि १.२५ टक्क्याला वीज तोडावी लागते. म्हणजे आमची धोक्याची घंटा १२,५०० पीपीएमला वाजते. मास्तरांना दोन आणि पाच पीपीएम यांतला फरक पाहायचा आहे.

आमच्या काही यंत्रांत प्रकाशाची साधी पद्धत असते. एक छोटा दिवा, समोर दोन शोधक, एकापुढे ३.३ मायक्रोमीटरचाच प्रकाश जाऊ देणारी गाळणी आणि दुसऱ्यापुढे जिथे कोणताच वायू शोषत नाही अशा तरंगलांबीची गाळणी; दोघांतला फरक म्हणजे मिथेन. लेसर नाही, आरशांची कसरत नाही. पण गाळणी रुंद असल्यामुळे तिला मिथेन आणि स्वयंपाकाचा गॅस यांत फारसा भेद करता येत नाही, आणि वाटही बोटभरच असते. पावसाळ्यात वरून गार यंत्र घेऊन आत गेलो की आरशावर दव धरते, आणि ते उतरेपर्यंत यंत्र जे काही सांगते त्यावर कोणी जाणकार विश्वास ठेवत नाही. ‘अवरक्त मिथेन सेन्सर’ म्हणून बाजारात जे मिळते ते बहुधा याच जातीचे असते. ते घेऊन बांधीवर गेलात तर सकाळ-संध्याकाळ शून्यच दिसेल, आणि शून्य दिसले म्हणजे वायू निघत नाही असा निष्कर्ष कोणीतरी काढेल. तेवढे जपावे.

तणस-कुटार (सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

मी पदव्युत्तर अभ्यासासाठी दोन खरीप आणि एक उन्हाळी हंगाम धानाच्या बांधीत पेट्या लावून वायूचे नमुने घेतले आहेत, म्हणून पेटीविषयी मी सांगतो. मास्तर, तुम्ही चिखलात उभे राहिलात तेव्हा आकडा उसळला, हे तुमच्या सर्व निरीक्षणांतले सर्वांत खरे निरीक्षण असण्याचा संभव आहे. धानाच्या चिखलात मिथेनचे बुडबुडे अडकलेले असतात. पाय रुतला की ते सुटतात. पहिल्या हंगामात मी हीच चूक केली आणि पंधरा दिवसांचे नमुने फेकून द्यावे लागले. त्यानंतर धुऱ्यापासून पेटीच्या जागेपर्यंत बांबूंवर फळी टाकली, आणि पेटीभोवती दीड हाताच्या आत कोणीही पाय ठेवायचा नाही असा नियम केला.

रोवणीनंतर धानाचे चूड (रोपांचा झुपका) वाढते तसा मिथेन मुख्यतः झाडातूनच बाहेर येतो. मुळांना हवा पोहोचवणाऱ्या पोकळ ऊतींतून तो उलट्या दिशेने वर चढतो आणि पानांच्या आवरणांतून सुटतो. म्हणून पेटीत चूड सबंध बसले पाहिजे. तुमची एक मीटर उंची निसवण्यापर्यंत पुरेल. उंच वाणाला त्यानंतर आणखी एक खण चढवावा लागतो. पेटी थेट चिखलात खुपसू नका. एक चौकट रोवणीनंतर लगेच चिखलात बसवून हंगामभर तिथेच ठेवायची. तिच्या कडेला पन्हाळी असते, तीत पाणी भरायचे आणि मोजण्याच्या वेळी पेटी तीत उतरवायची, म्हणजे हवा बाहेर जात नाही. आत संगणकातला छोटा पंखा लावायचा, नाहीतर वरची आणि खालची हवा वेगवेगळी राहते. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यानचे मोजमाप दिवसाच्या सरासरीच्या जवळ येते असा सर्वसाधारण अनुभव आहे.

आता अपेक्षा किती ठेवायची ते पाहू. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत, सतत पाणी असलेल्या आणि सेंद्रिय खत न घातलेल्या बांधीसाठी, दक्षिण आशियाचा आकडा हेक्टरी दिवसाला ०.८५ किलो मिथेन असा धरलेला आहे. म्हणजे एका चौरस मीटरमधून तासाला साधारण साडेतीन मिलिग्रॅम. तीस अंशाला एक पीपीएम मिथेन म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.६५ मिलिग्रॅम, त्यामुळे तुमच्या एक मीटर उंच पेटीत तासाला साडेपाच पीपीएम आणि अर्ध्या तासात पावणेतीन पीपीएम वाढ होईल. पेटीची रुंदी या हिशेबात येत नाही, फक्त उंची येते. विद्यार्थ्यांना हे आधी स्वतः काढायला सांगा, त्यांना नवल वाटते. शेणखत घातलेल्या किंवा तणस गाडलेल्या बांधीत हा आकडा बराच वाढतो. माझ्या अभ्यासात लेसर नव्हता. मी शून्य, दहा, वीस आणि तीस मिनिटांनी काचेच्या सिरिंजने हवा काढून हवाबंद कुप्यांत भरायचो आणि त्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) जायच्या. चार ठिपके एका सरळ रेषेत आले तर मोजमाप ठीक. नाही आले तर गळती, बुडबुडा किंवा माझा आळस.

बांधी सुकवण्याविषयीही लिहितो, कारण मूळ प्रश्न तिथूनच निघाला. त्याच मार्गदर्शिकेत हंगामात एकदा पाणी काढलेल्या बांधीसाठी ०.७१ आणि अनेकदा काढलेल्या बांधीसाठी ०.५५ असा गुणक आहे, म्हणजे मिथेन जवळपास निम्म्यावर येतो. छिद्रे पाडलेला पाइप बांधीत रोवून आतले पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी द्यायचे, ही पद्धत उन्हाळी धानात, कालव्याच्या किंवा बोअरच्या पाण्यावर, करता येते. खरिपात आपल्याकडे पाऊस कोणाला विचारून पडत नाही आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाखालच्या बांध्यांत वरच्याचे पाणी खालच्याकडे येते. तिथे एकट्याने बांधी सुकवणे कागदावरच राहते. शिवाय जमीन सुकते-भिजते तेव्हा नायट्रस ऑक्साइड वाढतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे, मिथेन सुमारे २७ पट. हवेत नायट्रस ऑक्साइड ०.३४ पीपीएमच्या आसपास असतो, त्यामुळे तो प्रकाशाने मोजायचा तर ४.५ किंवा ७.८ मायक्रोमीटरजवळच्या महागड्या क्वांटम कॅस्केड लेसरकडे जावे लागते. फक्त मिथेनच मोजून बचत सांगणाऱ्याला हा प्रश्न अवश्य विचारा.

बांधीवरचा मास्तर

सर्वांचा आभारी आहे. टोपले, दव आणि चुलीचा धूर या तिन्हींचा उलगडा झाला. उपग्रहाचे मात्र अजून कोणी सांगितले नाही. गावात लोक मला भेटून विचारतात, “मास्तर, वरून दिसते का आपली बांधी?” त्यांना काय सांगू? आणि माझी पेटी तयारच आहे, तर मिथेन नाही तरी दुसरे काही मोजून प्रकाशाचे तत्त्व मुलांना दाखवता येईल का?

आकाशाकडे बघणारा (वर्धा)

बांधी दिसते, बांधीतला वायू दिसत नाही. युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडला गेला, त्यावरील ट्रोपोमी उपकरण जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशात २.३ मायक्रोमीटरजवळ मिथेनचे शोषण पाहते. तत्त्व तेच, दिवा सूर्याचा आणि वाट सबंध वातावरणाची. पण त्याचा एक ठिपका जमिनीवर साडेपाच गुणिले सात किलोमीटरचा असतो, म्हणजे साडेनऊ हजार एकरांचा. तुमचे साडेतीन एकर त्यात कुठे शोधायचे? शिवाय त्याला ढगाविना आकाश लागते, जे भंडाऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये क्वचितच मिळते, आणि साचलेले पाणी त्या तरंगलांबीला इतके काळे असते की परतणारा प्रकाशच अपुरा पडतो. वीस-तीस मीटरपर्यंत बारीक पाहणारे व्यावसायिक उपग्रह आहेत, परंतु ते ताशी शंभर किलोच्या आसपासची गळती ओळखण्यासाठी केलेले आहेत: कचऱ्याचे डोंगर, वायुवाहिन्या, खाणीचे वायुवीजन. वर दिलेल्या ०.८५ किलोच्या हिशेबाने ताशी शंभर किलो निघायला सुमारे २,८०० हेक्टर धान लागेल, आणि तेही एका जागी एकवटलेले नाही, पसरलेले.

उपग्रहाने जे खरोखर कळते ते म्हणजे बांधीत पाणी उभे होते की नाही, आणि तेसुद्धा रडारच्या लहरींनी, ढगांतून. तेवढी माहिती घेऊन पुढचा मिथेन गुणकांनी किंवा गणिती प्रतिमानाने काढतात. ही पद्धत खोटी नाही, पण तिला ‘तुमच्या बांधीतला वायू मोजला’ असे म्हणता येत नाही. संस्थेच्या प्रतिनिधींना करारात नेमका कोणता शब्द आहे, ‘मोजलेले’ की ‘अनुमानित’, एवढेच विचारून पाहा.

जुना उपकरणवाला (नागपूर)

गुरुजी, मुलांसाठी कार्बन डायऑक्साइड घ्या. तो ४.२६ मायक्रोमीटरला इतका जोराने शोषतो, आणि हवेत चारशेहून अधिक पीपीएम इतका असतो, की खाणवाल्या भाऊंनी सांगितलेली दिवा आणि गाळणीची साधी रचना त्याला पुरते. असा सेन्सर काही हजार रुपयांत मिळतो. घेताना एक काळजी घ्या: पुष्कळ सेन्सर आठवडाभरातले सर्वांत कमी वाचन म्हणजे ताजी हवा, म्हणजे ४०० पीपीएम, असे धरून स्वतःला आपोआप दुरुस्त करतात. पेटीत दिवसचे दिवस बंद ठेवला तर तो आपली शुद्ध हवाच विसरतो. ही सोय आधी बंद करावी.

पहिला प्रयोग बांधीत नेऊ नका. चौकट वर्गातच ठेवा, पन्हाळीत पाणी भरा, पेटी उतरवा, नळीने दोन फुंकरा आत सोडून आकडा दोन हजारापर्यंत न्या आणि अर्धा तास पाहा. जी पेटी वर्गात वायू धरून ठेवत नाही ती बांधीतही धरणार नाही, मग आत कितीही भारी लेसर लावा.

बांधीवरचा मास्तर

सेन्सर आला आणि काल सातवीच्या मुलांसोबत प्रयोग केला. पहिल्या वेळी २,०४० वरून अर्ध्या तासात १,३१० वर आले. मुलांनी पेटीभोवती अगरबत्ती फिरवली तेव्हा पंख्याची वायर जिथून आत जाते तिथे धूर आत ओढला जाताना दिसला. ते छिद्र एम-सीलने बुजवले. दुसऱ्या वेळी १,९९० वरून १,९२० वर आले. त्यानंतर कितीही बुजवले तरी अर्ध्या तासाला साठ-सत्तरची घट राहतेच आहे. गळती आणखी कुठे असावी?

तणस-कुटार (सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

कदाचित कुठेच नसेल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि तुमच्या पन्हाळीत ताजे पाणी आहे. तेच पाणी न बदलता लागोपाठ तीन-चार वेळा करून पाहा. घट कमी होत गेली तर ती पाण्याची, तशीच राहिली तर फटीची. मिथेन पाण्यात फारच कमी विरघळतो, त्यामुळे बांधीत ही अडचण येणार नाही. पेटी पक्की ठरली की कळवा. रिकाम्या कुप्या आणि सिरिंज माझ्याकडे आहेत. नमुने कुठे तपासून घेता येतील ते आपण बोलून ठरवू. फळी तेवढी आधी टाकून ठेवा.